न्यू जर्सीत नवीन आहे. इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या दोन टीमा, जेट्स आणि जायंट्स, सारख्या हरतात, का? मग ॲरन जजसाठी फक्त बेसबॉलची यांकीज बघावी, की फुटबॉलमध्ये जिंकणारी एखादी टीम धरावी?

तुम्ही लिहिलंय की सोमवारी ऑफिसात सगळे जेट्स आणि जायंट्सच्या नावाने खडे फोडतात, तेच लोक जजचं नाव निघालं की खुलतात, आणि एका सहकाऱ्याने तुम्हाला सल्ला दिला, "हरणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, कॅन्सस सिटी धर." हाच सल्ला गेली काही वर्षं माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून मला दिला जातोय. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी उत्तर देऊन टाकतो: जेट्स धरा. का, ते सांगतो.

मी कोल्हापूरचा. तिथला फुटबॉल पायाने खेळायचा, पण टीम कशी धरायची ते मी तिथे शिकलो. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमांची मॅच असली की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते दुपारपासून भरायला लागतात. आमच्या पेठेची तालीम या दोघांइतकी मोठी नव्हती, बऱ्याचदा लवकर बाहेर पडायची. वडील तरी दुकान अर्ध्या दिवसाने बंद करून पायऱ्यांवर येऊन बसायचे. आपली तालीम हरते म्हणून कोणी उठून दुसऱ्या तालमीच्या घोळक्यात जाऊन बसलाय, असं मी कधी पाहिलं नाही. माणूस पेठेत जन्मतो आणि पेठेचाच राहतो.

मी २००८ मध्ये इकडे आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉल मला साडूंनी शिकवला. ते माझ्या आधीपासून इथे आणि पक्के जेट्सवाले. हिरवी टोपी त्यांनीच माझ्या डोक्यावर ठेवली. जानेवारी २०११ मध्ये जेट्सनी पेट्रियट्सना त्यांच्या घरात २८-२१ हरवलं, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या बेसमेंटमध्ये एकमेकांना मिठी मारून नाचलो होतो. पुढच्याच आठवड्यात पिट्सबर्गकडून २४-१९ हरलो. त्यानंतर जेट्स प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, एकदाही गेलेले नाहीत. त्यांचा एकमेव सुपर बोल, म्हणजे फुटबॉलची फायनल, जानेवारी १९६९ मधला. त्यांच्या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारा), जो नेमथने, तीन दिवस आधी छातीठोकपणे "जिंकणारच" असं सांगून जिंकलेला.

२०२० मध्ये क्वार्टरबॅक महोम्सने कॅन्सस सिटीला सुपर बोल जिंकून दिला आणि महिनाभरात साडूंच्या बेसमेंटमधला हिरवा झेंडा उतरला, लाल लागला. कॅन्सस सिटीत ते कधी पाऊल ठेवायला गेलेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, पैसे देऊन दुःख कोण विकत घेतं?" आमचं भांडण तेव्हापासूनचं.

आता ती रात्र सांगतो. ११ सप्टेंबर २०२३, सोमवार. जेट्सनी ॲरन रॉजर्स या नावाजलेल्या क्वार्टरबॅकला आणलं होतं. मुलगा तेव्हा सहावीत. उन्हाळाभर त्याने वाढदिवसाचे पैसे जपून ८ नंबरची जर्सी घेतली आणि पहिल्या मॅचलाच घालायची म्हणून कपाटात ठेवून दिली. त्या संध्याकाळी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये त्याने ती अंगात घातली तेव्हा छातीवर घडीच्या रेषा अजून तशाच होत्या. आदल्याच रात्री त्याच मैदानावर पावसात जायंट्स डॅलसकडून ४०-० हरले होते, पण आमच्या बाजूच्या लोकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बोगद्यातून धावत आला तेव्हा पायाखालचं काँक्रीट हलत होतं.

मॅचमधली त्याची चौथीच चाल होती. समोरच्या बफेलो टीमच्या फ्लॉइडने त्याला पाडलं. रॉजर्स उठला, दोन क्षण उभा राहिला आणि मग शांतपणे खाली बसला. तसं बसलेला माणूस बघूनच कळतं. ऐंशी हजार लोक एकदम गप्प झाले. टाचेमागची कंडरा (अकिलीस) तुटली हे दुसऱ्या दिवशी पक्कं झालं, पण आमच्या रांगेत ते सगळ्यांना तिथेच समजलं होतं. मागे बसलेल्या, नेमथची जुनी १२ नंबरची जर्सी घातलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगा काहीच बोलला नाही, फक्त जर्सीचा खालचा काठ मुठीत धरून बसला.

मध्यंतराला १३-३ अशी बफेलो पुढे. फोन वाजला. साडू. "काय, निघालात की नाही? गर्दी व्हायच्या आत गाडी काढा. पोराची शाळा आहे उद्या."

मी म्हटलं, "शेवटपर्यंत थांबणार आहोत."

"कशासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नव्हतं. मी मुलाला विचारलं, जायचं का? त्याने मान हलवली, नाही.

मग काय काय झालं ते बघा. बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनने त्या रात्री एकूण तीन पास थेट जेट्सच्या हातात दिले, आणि तिन्ही एकट्या जॉर्डन व्हाइटहेडने पकडले. गॅरेट विल्सनने टचडाउनचा असा एक झेल घेतला की तो म्हातारा बाकावर उभा राहिला. १३-१३. मग आम्ही १६-१३. शेवटच्या क्षणी बफेलोची किक खांबाला लागून आत पडली, १६-१६, जादा वेळ. तिथे बफेलोने पंट मारला, म्हणजे लाथेने चेंडू लांब आमच्याकडे दिला, आणि झेव्हियर गिप्सन नावाचा पोरगा, ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीही निवडलं नव्हतं, तो चेंडू घेऊन ६५ यार्ड पळत सुटला. २२-१६. मुलगा माझ्या गळ्यात पडून रडत होता आणि अनोळखी माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती. घरी पोहोचायला दीड वाजला. गाडीतून उतरताना त्याने विचारलं, "बाबा, उद्या शाळेत हीच घालून जाऊ?"

सकाळी साडूंचा मेसेज: "मॅच जिंकलात, सीझन गेला." आकड्यांत ते बरोबर निघाले. जेट्स त्या मोसमात ७-१० राहिले, म्हणजे सात जिंकले, दहा हरले. पण त्या रात्री मी मुलाला मध्यंतरालाच उठवून नेलं असतं तर त्याच्याजवळ फक्त रॉजर्स खाली बसलेला राहिला असता. गिप्सन पळाला ते त्याने दुसऱ्या दिवशी फोनवर बघितलं असतं. त्यात आणि तिथे असण्यात किती फरक आहे हे साडूंना अजून पटवता आलेलं नाही.

या टीमा का हरतात, हे तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: दोष चालवणाऱ्यांचा आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे या फुटबॉलच्या लीगमध्ये, पगाराची मर्यादा सगळ्यांना सारखी, आणि ड्राफ्टमध्ये हरणाऱ्याला आधी निवड मिळते. म्हणजे नियमच पडलेल्याला हात देऊन उठवणारे आहेत. तरी जेट्सनी २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक सॅम डार्नोल्ड सोडला आणि त्याने २०२४ मध्ये मिनेसोटाला १४-३ नेलं. जायंट्सचं तर बघवत नाही. क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला १६ कोटी डॉलरचा करार दिला, चेंडू घेऊन पळणाऱ्या सॅक्वॉन बार्कलीला जाऊ दिलं. बार्कली शेजारच्या फिलाडेल्फियात गेला, २,००५ यार्ड पळाला आणि सुपर बोल जिंकला. त्याच २०२४ मध्ये जायंट्स ३-१४, जेट्स ५-१२. नीट घडवायच्या आधीच क्वार्टरबॅक टाकून द्यायचा, कोच बदलायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. खेळाडूंना शिव्या देण्यात काही अर्थ नाही.

आता जज. तो सहा फूट सात इंच उंच आहे, आणि शाळेत फुटबॉलही इतका चांगला खेळायचा की मोठ्या कॉलेजांना तो टाइट एंड (फुटबॉलमधली एक जागा) म्हणून हवा होता. बेसबॉलचं नशीब थोर. २०२२ मध्ये ६२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारून त्याने रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या दोन लीगपैकी एकीचा, विक्रम मोडला. साडूंचं म्हणणं, "जज मोठ्या मॅचमध्ये ढेपाळतो." हे वाक्य तुम्हाला ऑफिसातही ऐकू येईल, म्हणून इथेच त्याचा निकाल लावतो.

३० ऑक्टोबर २०२४. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री साडू सहकुटुंब आमच्याकडे मुक्कामाला होते. टीव्हीवर वर्ल्ड सिरीजची (बेसबॉलची फायनल) पाचवी मॅच, यांकीज डॉजर्सविरुद्ध. जजने पहिल्याच इनिंगमध्ये होमरन मारला, चौथ्यात भिंतीला धडकून फ्रीमनचा चेंडू पकडला. यांकीज ५-० पुढे. पाचव्यात डॉजर्सच्या एडमनने मारलेला सरळ चेंडू जजच्या ग्लोव्हमधून सुटला. तसला झेल तो झोपेतही घेतो. मग यांकीजच्याच व्होल्पीची फेक चुकली, मग पिचर कोल पहिल्या बेसवर पोहोचलाच नाही. डॉजर्सचे पाच रन. शेवटी यांकीज ७-६ हरले, सिरीज गेली. साडू हातातली चकली तशीच धरून म्हणाले, "बघा तुमचा कॅप्टन." होमरनच्या वेळी आणि भिंतीवरच्या झेलाच्या वेळी ते ताटाकडे बघत होते.

हो, त्या प्लेऑफमध्ये जजची बॅटिंगची सरासरी .१८४, म्हणजे फार कमी होती. मी ते नाकारत नाही. पण पुढचं वर्ष कोणी सांगत नाही. २०२५ मध्ये त्याने .३३१ ची सरासरी आणि ५३ होमरन मारून तिसऱ्यांदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) हा किताब घेतला. प्लेऑफमध्ये टोरंटोविरुद्ध यांकीज ६-३ मागे असताना, अंगावर येणारा जवळजवळ शंभर मैल वेगाचा चेंडू त्याने फाउलच्या खांबावर मारून (तोही होमरनच) तीन रन आणले. मॅच ९-६ जिंकली. सिरीज तरी ३-१ हरलोच. एका माणसाने आणखी काय करायचं? बेसबॉलमध्ये नऊ जणांची पाळी येते, जजला दर वेळी मधे घुसता येत नाही. म्हणून "जजसाठी यांकीज" असं करू नका. यांकीजसाठी यांकीज बघा. जज निवृत्त होईल, यांकीजचं ब्राँक्स तिथेच राहील.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तिकिटं महाग आहेत, आणि जेट्स हरायला लागले की शेवटच्या दिवसांत स्वस्त होतात, तेव्हा घ्या. मी स्वतः वर्षातून एकदाच जातो. तुमच्या घरात लहान मूल असेल तर त्याला टॅकल, म्हणजे एकमेकांना पाडायचा फुटबॉल, खेळू देऊ नका. डोक्याला बसणारे मार खरे आहेत. माझा मुलगा फक्त फ्लॅग फुटबॉल खेळतो, त्यात पाडापाडी नसते. आणि जायंट्स धरलेत तरी माझी हरकत नाही, तेही इथलेच. दोघांचं मैदान एकच, ज्याला पायाने खेळायच्या फुटबॉलच्या २०२६ च्या विश्वचषकाची फायनल मिळाली तेच. खरं कॅन्सस सिटीत राहत असाल तर लाल जर्सीसुद्धा खुशाल घाला.

डिसेंबर २०२५ मध्ये महोम्सचा गुडघा गेला आणि त्याच दिवशी कॅन्सस सिटी प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडली. बायको म्हणाली, लावा आता साडूंना फोन. मी नाही लावला. दोन दिवसांनी त्यांचाच आला, जेट्सच्या घरच्या मॅचला मुलाला घेऊन जाणार असाल तर मलाही सांगा म्हणाले. मी हो म्हटलं. टोपी कुठल्या रंगाची घालणार ते विचारलं नाही.

पहिल्यांदा जाल तेव्हा गाडी नेऊ नका. सिकॉकस स्टेशनला उतरून स्टेडियमपर्यंत जाणारी मेडोलँड्सची ट्रेन पकडा. आणि वरच्या मजल्यावर वारा फार असतो, जाड जॅकेट न्या.