विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ५ भागिले २ केलं तर उत्तर २ येतं आणि हेक्समध्ये १० लिहिलं की खाली १६ दिसतात. कॅल्क्युलेटर बिघडलाय का?

बिघडलेला नाही. तुम्ही प्रोग्रामर मोडमध्ये बसला आहात, एवढंच. आल्ट दाबून १ दाबा, साधा म्हणजे स्टँडर्ड मोड येईल आणि ५ भागिले २ चे गुपचूप २.५ होतील. प्रोग्रामर मोड फक्त पूर्णांकांत चालतो, अपूर्णांक सरळ टाकून देतो. तिथलं दशांशचिन्हाचं बटण फिकं दिसतं ना, ते त्याचमुळे.

आता हेक्सचं, म्हणजे सोळा-सोळाने मोजायच्या पद्धतीचं. तुम्ही पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहात असं प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी नागपुरात महाल भागात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवतो. सध्या नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू आहे, संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे वेळही आहे.

माझे आजोबा इतवारीत एका किराणा दुकानाचं वहीखातं सांभाळायचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पण त्यांच्या तोंडचे आणे शेवटपर्यंत गेले नाहीत. सोळा आणे झाले की एक रुपया, हातचा एक. पंधरा आण्यांपर्यंत आण्याच्या घरात बसायचं, सोळावा आला की रुपयाच्या घरात. हेक्स म्हणजे हेच. फरक एवढाच की एका घरात एकच चिन्ह मावतं, म्हणून १० ते १५ साठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरं घेतली. हेक्समधला १० म्हणजे एक रुपया शून्य आणे. एकूण आणे किती? १६. तुमच्या कॅल्क्युलेटरने तेच दाखवलं.

प्रोग्रामर मोडमध्ये हेक्स, डेक, ऑक्ट, बिन (म्हणजे १६, १०, ८ आणि २ ने मोजायच्या पद्धती) अशा चार ओळी एकाखाली एक असतात आणि चारही ओळींत एकाच वेळी एकच संख्या लिहिलेली असते. कोणत्याही ओळीवर टिचकी मारा, संख्या बदलत नाही. तुम्ही आता कोणत्या पद्धतीने आकडे टाकणार, तेवढंच ठरतं. म्हणून बिनवर गेलं की ० आणि १ सोडून बाकीचे आकडे फिके पडतात आणि हेक्सवर गेलं की ए ते एफ जागे होतात. (किबोर्डवरून करायचं तर एफ५ हेक्स, एफ६ डेक, एफ७ ऑक्ट, एफ८ बिन.)

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका संत्राबर्फीवाल्याने फ्लेक्ससाठी रंगाचा कोड पाठवला: एफएफए५००. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चौकोन आहेत, प्रत्येकात ० ते २५५. दुकानातल्या पोराने सहाच्या सहा चिन्हं हेक्समध्ये एकदम टाकली, डेकच्या ओळीत १,६७,५३,९२० आले आणि तो ते लाल रंगाच्या चौकोनात कोंबून राहिला होता! चौकोन काही घेईना. मी म्हटलं, अरे बाप्पा, ही एक संख्या नाही, तीन जोड्या आहेत. एफएफ म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, म्हणजे २५५ आणे. ए५ म्हणजे दहा रुपये पाच आणे, दाही सोळे एकशे साठ आणि पाच, १६५. शेवटी शून्य. लाल २५५, हिरवा १६५, निळा ०: पडद्यावर झकास संत्री रंग. (फ्लेक्सवर तो थोडा मळकट उतरतो, कारण मशीन वेगळ्या शायांनी छापते. ते दुखणं वेगळं.)

आणि २५५ च्या पुढे का नाही? एक आणा वाढवला तर सोळा रुपये होतात आणि रुपयाच्या घरात तर पंधराच मावतात. तिसरं घर लागेल.

वर म्हटलं की संख्या बदलत नाही. पण त्याच मोडमध्ये एक बटण असं आहे की ते दाबलं तर संख्या खरंच बदलू शकते. त्यावर क्यूवर्ड लिहिलेलं असतं, दाबत गेलं की डीवर्ड, वर्ड, बाईट असं फिरतं. म्हणजे ६४, ३२, १६ आणि ८ बिट (बिट म्हणजे बिनच्या ओळीतलं ० किंवा १ चं एक घर). क्यूवर्डमध्ये ३०० लिहा आणि बाईटवर या. ४४ दिसतील. आठ बिटांत २५६ वेगवेगळे आकडेच मावतात, त्यामुळे वरचा बिट कापला गेला आणि ३०० मधून २५६ वजा होऊन उरले ते ४४. आता बाईटमध्येच १२७ अधिक १ करून बघा. उत्तर उणे १२८. इथे सगळ्यात डावीकडचा बिट उणे चिन्हाचं काम करतो. १२७ म्हणजे शून्याच्या मागे सात एक, त्यात एक मिळवला की हातचा सरकत सरकत त्या डाव्या बिटावर जाऊन बसतो. बिनच्या ओळीकडे बघत हे करा, पुस्तकातली दोन पानं वाचायची गरज उरत नाही. विचित्र उत्तर आलं की आधी हे बटण बघायचं.

ऑक्टचं मला दुकानात काम पडलेलं नाही. लिनक्स शिकाल तेव्हा फाइलच्या परवानग्यांत ७५५ भेटेल. ७ म्हणजे १११, ५ म्हणजे १०१, एकेका आकड्यात तीन-तीन बिट. बस.

स्टँडर्डवर परत जाल तेव्हा तिथलाही एक खड्डा सांगून ठेवतो, मी स्वतः पडलोय. डिझाइनचे ५०० आणि ४० चौरस फूट फ्लेक्स १८ रुपयाने. मी टाकलं ५०० अधिक ४० गुणिले १८ आणि आलेले ९,७२० न बघता बिलावर लिहिले. गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, फ्लेक्स छापला का सोन्याचा पत्रा?" स्टँडर्ड मोड बटणं दाबाल त्या क्रमाने हिशेब करतो. आधी ५४० केले, मग त्याला १८ ने गुणलं. सायंटिफिक मोड (आल्ट आणि २) गुणाकार आधी करतो, तिथे बरोबर १,२२० येतात.

सायंटिफिकमध्ये तुम्हाला साइन-कोसाइनही लागेल. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं तर वर डावीकडे रॅड लिहिलेलं असेल. डेग होईपर्यंत त्यावर टिचकी मारा.