हेपवर्थचा स्टुडिओ का बुडाला?

प्रश्न दोन आहेत. दादासाहेब फाळके १९१२ साली इंग्लंडात ज्या चित्रपटनिर्मात्या हेपवर्थच्या स्टुडिओत गेले त्या स्टुडिओचं पुढे काय झालं? आणि तिथले स्टुडिओ न् थिएटरं एकाच मालकाच्या हातात कशी गेली? माझ्या मते उत्तर एकच आहे. कमाई तिकीटखिडकीवर होती आणि हेपवर्थकडे खिडकीच नव्हती.

फाळके मुंबईत 'बायोस्कोप' साप्ताहिक घ्यायचे. लंडनमध्ये त्याची पाटी दिसताच सरळ आत शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी 'या भानगडीत पडू नका' असंच सुचवलं, पण मग सेसिल हेपवर्थशी गाठही घालून दिली. स्टुडिओ होता वॉल्टन-ऑन-थेम्सला.

हेपवर्थचा धंदा कसा चालायचा ते 'रेस्क्यूड बाय रोव्हर' (१९०५) वरून कळतं. सगळा घरचा मामला. कथा बायकोची, पळवलेलं बाळ म्हणजे स्वतःची मुलगी, तिला शोधणारा कुत्रा घरचाच आणि बाप खुद्द हेपवर्थ. खर्च आठ पौंडांच्या आत! प्रिंटांना इतकी मागणी आली की निगेटिव्ह झिजली आणि अख्खा चित्रपट आणखी दोनदा नव्यानं घ्यावा लागला. पण तेव्हा प्रिंट विकत दिली जायची, भाड्यानं नाही. एकदा विकली की घेणारा तिच्यावर शंभर खेळ करो, हेपवर्थला त्यातली एक पेनीही मिळायची नाही.

पुढे भाड्याची पद्धत आली, पक्की थिएटरं उभी राहिली, पण महायुद्धानंतर पडदा अमेरिकनांनी व्यापला. एक गाजणारा चित्रपट हवा तर सोबत दहा पडेल चित्रपट घ्या, असा त्यांचा खाक्या. १९२६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये लागणाऱ्या चित्रपटांत ब्रिटिश जेमतेम पाच टक्के उरले होते. हेपवर्थनं १९१९ मध्ये शेअर काढले, ते पुरेसे खपले नाहीत. १९२४ मध्ये दिवाळं निघालं आणि निगेटिव्ह वितळवून टाकल्या गेल्या. त्या रिळांचं वाईट वाटतं.

१९२७ च्या कायद्यानं ब्रिटिश चित्रपटांचा कोटा सक्तीचा केला. मग अमेरिकन वितरक कोटा भरायला स्वस्तातले, घाईत उरकलेले 'कोटा क्विकी' चित्रपट काढून घेऊ लागले. काही तर सकाळी, सफाईवाल्या बाया खुर्च्या झाडत असताना दाखवून मोकळे व्हायचे. पण त्याच कायद्यामुळे स्टुडिओत पैसा घालायची हिंमतही आली. ग्लासगोचे वकील जॉन मॅक्सवेल यांनी एल्स्ट्रीचा स्टुडिओ आणि एबीसी ही थिएटरांची साखळी एका छत्राखाली आणली. गोमाँ-ब्रिटिश या चित्रपट कंपनीच्या ऑस्ट्रर बंधूंनीही तेच केलं.

सगळ्यात मजेशीर जे. आर्थर रँक. पिठाच्या गिरण्यांचे मालक, पक्के मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे. धार्मिक चित्रपट काढायला म्हणून आले. 'टर्न ऑफ द टाइड' (१९३५) काढला, पण त्याला धड थिएटरंच मिळेनात. गिरणीवाल्याला हिशोब लगेच कळला. आधी पाइनवूड स्टुडिओ आणि वितरणात हात घातला, मग १९४१-४२ पर्यंत गोमाँ आणि ओडियन या थिएटरांच्या दोन्ही साखळ्या खिशात. मिळून सहाशेच्या वर थिएटरं!

हेपवर्थ उतारवयात जाहिराती आणि ट्रेलर करत होते. १९५३ मध्ये वारले. वॉल्टनच्या स्टुडिओचं वीजघर तेवढं टिकलं. त्याचं पुढे नाट्यगृह झालं.