सुई रविवारी, रक्त मंगळवारी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळची पत्रं स्त्री-हॉर्मोन (इस्ट्रोजेन, त्याचाच मुख्य प्रकार इस्ट्राडिओल) घेणाऱ्या ट्रान्स वाचकांची.

प्रश्न : नमस्कार. मी २६ वर्षांची, निपाणीला राहते. दर रविवारी इस्ट्राडिओल व्हॅलरेटची १० मिलिग्रॅमची सुई घेते. मंगळवारी बेळगावला काम होतं, तिथेच रक्त दिलं. इस्ट्राडिओल ६१२ आलंय, पुढे ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) छापलाय. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) १८. घाबरून पुढची सुई चुकवली. बरोबर केलं का?

उत्तर : घाई झाली, पण एक सुई चुकल्यानं मोठं काही बिघडत नाही. मनानं बंद मात्र करत राहू नका. वृषणं काढलेली असतील तर मुळीच नाही. दोन्ही हॉर्मोन खाली गेले की अंगाची लाही होते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

तो ‘एच’ आधी बाजूला ठेवा. लॅबच्या फॉर्मवर ‘पुरुष’ लिहिलं असेल तर तुलना पुरुषांच्या मर्यादेशी होते. ती साधारण ४० च्या आसपास संपते, म्हणजे १५० आले तरी ‘एच’ छापणारच. तुमची मोजपट्टी वेगळी. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोन-तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे इस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असावं आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. आकड्याशेजारचं एककही वाचा. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देतात, त्याला ३.६७ नं भागायचं. तुमचे ६१२ तसे असतील तर ते १६७ होतात, म्हणजे काळजीचं कारणच उरत नाही.

एकक पिकोग्रॅमच निघालं तर वार बघा. तेलातली ही सुई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर चढते आणि मग उतरत जाते. मंगळवारचं रक्त म्हणजे ऐन चढावरचं. ते बुधवारी-गुरुवारी, दोन सुयांच्या मधोमध द्या, नाहीतर रविवारी सुई टोचण्याआधी. दोन्ही चालतं, पण दर वेळी तोच वार ठेवा. रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनानं लिहून टाका : सुई कधी, किती, रक्त कधी. हे नसेल तर मागचा आणि आत्ताचा आकडा ताडून बघण्यात काही अर्थ नाही.

तरीही तुमचा आकडा वरच राहील असं आम्हाला वाटतं, कारण आठवड्याला १० हा वरच्या टोकाचा डोस आहे. डॉक्टर बहुधा तो ५-६ वर आणतील. डोस निम्मा केला की पातळीही ढोबळमानानं निम्मी होते. डोस आणि दोन सुयांमधलं अंतर एकाच वेळी बदलू नये, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. नवा डोस स्थिरावायला महिनाभर लागतो, म्हणून लगेच आठवड्यात रक्त तपासणं म्हणजे पैसे वाया. टेस्टोस्टेरॉन १८ आहे, म्हणजे ते आधीच दबलंय. त्यावर जादा इस्ट्रोजेन ओतून छाती लवकर भरत नाही. तिला दोन-तीन वर्षं लागतात.

सिरिंजही तपासा. कुपीवर एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. इन्सुलिनची सिरिंज वापरत असाल तर जपून : लाल टोपणाची ४० युनिटची असते, नारिंगी टोपणाची १०० ची. नारिंगीत २० युनिट म्हणजे ०.२ मिलिलिटर, लालमध्ये तेच २० म्हणजे ०.५, थेट अडीच पट! मिलिलिटरच्या रेघा असलेली साधी १ मिलिलिटरची सिरिंज घ्या, हा घोळच नको.

प्रश्न : मी सौंदत्तीजवळची. आमच्यातल्या थोरल्या सांगतात तशा माला-डी या गर्भनिरोधकाच्या रोज तीन गोळ्या घेते. रिपोर्टमध्ये इस्ट्राडिओल फक्त १९ आलं. आणखी वाढवू का?

उत्तर : नको! या पत्रांत आम्हाला खरी भीती वाटते ती तुमचीच. या गोळीत इथिनिल इस्ट्राडिओल आहे, एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम. ते नेहमीच्या इस्ट्राडिओलच्या तपासणीत दिसतच नाही. रिपोर्ट १९ म्हणतो, पण शरीरावर इस्ट्रोजेनचा मारा चालूच आहे. रक्ताच्या गुठळीचा धोका याच औषधात जास्त, म्हणून ट्रान्स स्त्रियांच्या उपचारात ते आता वापरत नाहीत. सोबतचं लेव्होनॉर्जेस्ट्रेल थोडं पुरुषी हॉर्मोनच्या वळणाचं, तेही तुमच्या कामाचं नाही. (पाकिटातल्या २८ पैकी ७ गोळ्या तर नुसत्या लोहाच्या.) डॉक्टरांना तीन गोळ्यांचं खरं सांगा आणि साध्या इस्ट्राडिओलवर या. विडी-सिगारेट असेल तर तीही सोडायला हवी. विडी-तंबाखूच्या या पट्ट्यात हे सांगणं जड जातं, पण गुठळीला दोन्ही मिळून वाट करून देतात.

प्रश्न : इस्ट्राडिओलचं जेल लावते, खानापूर. मागच्या वेळी रिपोर्टमध्ये इस्ट्राडिओल १४०, आता ९३०. डोस तोच आहे.

उत्तर : ज्या हातावर जेल लावता त्याच हातातून रक्त काढलं का? कातडीवरचं जेल सुईबरोबर नळीत जातं आणि आकडा फुगतो. दुसऱ्या हातातून परत द्या. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर तीही तीन दिवस आधी थांबवा. काही मशीन तिच्यामुळे इस्ट्राडिओल खोटंच जास्त दाखवतात.

प्रश्न : इस्ट्रोजेन जास्त झालंय हे अंगाला कळतं का? पुढच्या आठवड्यात रात्रीच्या गाडीनं बंगळूरला जायचंय. – शहापूर, बेळगाव

उत्तर : खात्रीनं नाही. मळमळ, डोकेदुखी, छाती ठणकणं, अंगावर सूज येते खरी, पण पातळी ठीक असतानाही येऊ शकते. ओळखायची ती गुठळी : एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं, गरम लागणं, अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

गाडी थांबेल तिथे उतरून चाला, बसल्या जागी घोटे फिरवत राहा. बाथरूमला कुठे जायचं या धास्तीनं आपल्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. तसं करू नका. आधी कधी गुठळी झाली असेल किंवा वय पंचेचाळिशीपुढे असेल तर गोळीऐवजी पॅच किंवा जेलबद्दल जाण्याआधीच डॉक्टरांना विचारा. आणि औषधाच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्री दोनला दावणगेरेच्या दवाखान्यात ‘कुठलं हॉर्मोन घेता?’ असं विचारलं तर दाखवता येईल.