स्टॅटिक मेथड ऑब्जेक्टवरून का चालत नाही?

तुम्ही जावास्क्रिप्टच्या क्लासमध्ये स्टॅटिक मेथड लिहिली, न्यू वापरून ऑब्जेक्ट बनवला आणि त्याच्यावरून ती बोलावली. म्हणून 'इज नॉट अ फंक्शन' ही एरर आली. जावामधून आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण तिथे हे चालून जातं.

साधी मेथड क्लासच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे त्या क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्ट्सच्या सामाईक ऑब्जेक्टवर, असते. ऑब्जेक्टला एखादी गोष्ट स्वतःजवळ सापडली नाही, की तो प्रोटोटाइपकडे बघतो. स्टॅटिक मेथड मात्र थेट क्लासवर, म्हणजे कन्स्ट्रक्टर फंक्शनवर चिकटवलेली असते. ऑब्जेक्टच्या शोधाच्या वाटेत ती येतच नाही.

रोजच्या वापरातलं उदाहरण घ्या. डेट.नाऊ() आत्ताची वेळ देतं, त्याला तारखेचा ऑब्जेक्ट लागत नाही, म्हणून ते स्टॅटिक. गेटफुलइयर() विचारणार कोणत्या तारखेचं वर्ष? तिथे ऑब्जेक्ट हवाच. अ‍ॅरे.इजअ‍ॅरे() तर स्टॅटिकच असायला हवं: समोरची व्हॅल्यू नल असेल तर तिच्यावरून मेथड बोलावणार कशी?

मी स्वतः एवढंच बघतो: मेथडमध्ये ऑब्जेक्टचा डेटा 'धिस'मधून लागतोय का? नसेल, तर स्टॅटिक करायला हरकत नाही. (स्टॅटिक मेथड क्लासच्या नावाने बोलावली की तिच्यातला 'धिस' म्हणजे तो क्लासच.)

तुमच्या कोडमध्ये ऑब्जेक्टच्या जागी क्लासचं नाव लिहा, चालेल. साध्या मेथडच्या आतून हवी असेल तर धिस.कन्स्ट्रक्टर वापरा, म्हणजे एक्स्टेंड करून बनवलेल्या क्लासने ती बदलली असली तरी त्याचीच आवृत्ती मिळेल.