अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे इतके वेड का आहे, आणि त्यातला पैसा जातो कुठे?

तुम्ही लिहिले आहे की, तुमचा मुलगा यंदा मिशिगन विद्यापीठात शिकायला आला असून, त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत सकाळी आठ वाजता गाड्यांच्या रांगांमध्ये बिअरचे पेले घेऊन उभी असलेली, आजी-आजोबांच्या वयाची माणसे पाहून तुम्हाला धक्का बसला. हा प्रकार काय आहे आणि कॉलेजच्या खेळात, म्हणजे अंडाकृती चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, एवढा पैसा कुठून येतो, असे तुम्ही विचारले आहे. मी २००९ साली याच विद्यापीठात एम.एस.साठी आलो आणि पुढे ॲन आर्बरमध्येच स्थायिक झालो, त्यामुळे या गावाच्याच आधाराने उत्तर देतो.

गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे आणि मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसे बसतात, म्हणजे वानखेडेसारखी तीन मैदाने एका वेळी भरावीत तेवढी. स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीखाली खोदलेला असल्यामुळे बाहेरून ते बुटके दिसते. फाटकातून आत शिरल्यावर एकदम पायाखाली खोल वाडगा उघडतो. करोनाचे २०२० हे वर्ष सोडले, तर नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या एकाही सामन्याला लाखाहून कमी प्रेक्षक आलेले नाहीत. आमच्या ओळखीची मराठी कुटुंबे सप्टेंबरात गणपतीचा कार्यक्रम ठरवताना आधी त्या शनिवारी गावात सामना आहे का ते पाहतात, कारण असला तर हॉलपर्यंत गाडी पोहोचणार नाही.

तुमच्या मुलाने पाहिले त्याला टेलगेटिंग म्हणतात. स्टेडियमजवळच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात आणि विद्यापीठाच्या गोल्फच्या मैदानावर पहाटेपासून गाड्या लागतात, पिकअप ट्रकची मागची फळी खाली पाडून तिचेच टेबल केले जाते आणि शेगड्या पेटतात. मला पहिल्यांदा नेले ते आमच्या शेजारच्या वृद्ध जोडप्याने. छोट्या जनरेटरवर त्यांचा स्लो कुकर चालू होता आणि त्यात दालचिनीच्या काड्या घातलेला सायडर मंद तापत होता. इथे सायडर म्हणजे न आंबवलेला, गाळीव नसलेला सफरचंदाचा गढूळ रस. मिशिगनमध्ये शरद ऋतू आला की तो घरोघरी असतो. बोर्बनची, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीची, बाटली बाजूला वेगळी ठेवलेली होती, ज्याला हवी त्याने आपल्या पेल्यात ओतून घ्यावी. मी घेतली नाही आणि मला कोणी दुसऱ्यांदा विचारलेही नाही. पलीकडच्या ट्रकवर विरुद्ध संघाचा झेंडा होता, त्या कुटुंबाला आजींनी स्वतः जाऊन सायडर दिला. मला या वेडाचे मूळ तिथे सापडले. आजोबा १९६०च्या दशकात इथे शिकले होते, त्यांची मुले इथेच शिकली, आणि वर्षातून सहा-सात शनिवारी सगळे कुटुंब त्याच जागेवर जमते.

अतिरेक होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. दारूसाठी वयाची अट २१ वर्षांची असल्यामुळे त्याहून लहान विद्यार्थी भाड्याच्या घरांच्या अंगणात, आत जाण्यापूर्वी घाईघाईने पितात आणि खरा धोका तिथे असतो. मुलाशी बोलाल तेव्हा याविषयी बोला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ मध्ये यावर उलटा वाटणारा उपाय केला. मध्यंतरात बाहेर जाऊन भरपूर पिऊन परत येण्याची मुभा बंद केली आणि आतच बिअर विकायला सुरुवात केली. त्यानंतर पोलिसांना पडणारे काम कमी झाले. मिशिगनमध्ये त्यासाठी कायदा बदलावा लागला आणि आमच्या स्टेडियममध्ये २०२४ च्या हंगामापासून मद्य मिळू लागले.

आता पैशाकडे वळतो. १९८४ पर्यंत कोणत्या संघाचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठांचे गट स्वतःच प्रक्षेपणाचे हक्क विकू लागले. मिशिगन ज्या बिग टेन गटात आहे, त्याने २०२२ मध्ये केलेला करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. या पैशातून पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स असे तोट्यातले खेळ चालतात, हे खरे आहे आणि चांगलेही आहे. पण त्यातूनच प्रशिक्षकांचे अवाढव्य पगार निघतात. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढून टाकले, तेव्हा करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर देणे लागले.

आणि खेळाडूला? बराच काळ फक्त शिष्यवृत्ती, राहणे, जेवण. शाळा संपल्यावर तीन वर्षे एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचे दार बंद असल्यामुळे त्याला दुसरी वाटही नव्हती. २०१० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पाच खेळाडूंनी आपल्याच वस्तू विकल्या, त्या बदल्यात टॅटू काढून घेतले, म्हणून त्यांच्यावर बंदी घातली गेली. ते आमचे कट्टर प्रतिस्पर्धी, तरीही मला ती शिक्षा तेव्हाही अन्यायाची वाटली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला आणि त्याच जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीतून कमाई करता येऊ लागली. खेळाडूंच्या दाव्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळणार आहेत, आणि २०२५-२६ या वर्षापासून एक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकते. काही जुने चाहते यामुळे खेळ बाटला असे म्हणतात, पण ज्याचे गुडघे आणि डोके पणाला लागते त्याच्यापर्यंत पैसा शेवटी पोहोचला याचा मला मनापासून आनंद आहे.

मला डाचते ते वेगळेच आहे. टीव्हीच्या पैशासाठी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे बिग टेनमध्ये आली, त्यामुळे व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनाही आता सामन्यासाठी देश ओलांडावा लागतो. मोठा सामना अनेकदा दुपारी बाराला ठेवतात, कारण वाहिनीला तो तेव्हा हवा असतो. तुमच्या मुलाच्या छायाचित्रातले लोक सकाळी आठला पेला हातात घेऊन उभे असतात त्याचे एक कारण हेच. जाहिरात सुरू झाली की लाल टोपी घातलेला एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो आणि तो बाजूला होईपर्यंत खेळ थांबतो. नोव्हेंबरात, शून्याखालच्या थंडीत, लाखभर माणसे त्या लाल टोपीकडे बघत बसलेली असतात. आजोबा गेल्यापासून आमच्या जागेवरचा सायडर मी तापवतो. मुलाला थंडीत गरम काही हवे असेल तर त्याला पायोनियरच्या आवारात नक्की पाठवा.