सदस्यत्वाची फी भरण्यापूर्वी

प्रिय डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद. न्यूरोरिहॅबच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारानंतरच्या पुनर्वसनाच्या, संस्थेची फी भरावी, की त्याच पैशांत एखादा वीकेंड कोर्स उरकावा, असं तू विचारलंयस. कॉन्फरन्स, बॅगा, सत्कार आणि जेवणाची रांग यापलीकडे या संस्था करतात काय, हा तुझा टोमणाही पोचला. तो सगळाच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही.

तरी फी भर. का ते सांगते.

आपल्या फिजिओथेरपीच्या पेशात खात्री फार स्वस्तात येते. अर्धांगवायूचा पेशंट पहिल्या तीन महिन्यांत आपल्या आपणही बराच सुधारतो. त्या काळात जो त्याच्या शेजारी उभा असतो, त्याला वाटतं हे माझ्याच हातांनी झालं. पेशंटच्या हातापायाला टेप लावणारा टेपचे गोडवे गातो, मशीन विकत घेतलेला मशीनचे. एकट्या ओपीडीत बसून यातलं खरं-खोटं कधीच निवडता येत नाही. त्यासाठी शेकडो पेशंट लागतात, एकसारखी मोजणी लागते आणि आपलं लाडकं मत चारचौघांत हरलं तर ते ऐकून घेणारी माणसं लागतात. अशी माणसं एकत्र बसतात, म्हणून संस्था.

भारतातलंच उदाहरण घे. आपल्याकडे थेरपिस्ट कमी, गावं लांब. मग घरच्याच माणसांना व्यायाम शिकवले तर? मुलगा, सून, बायको यांना हॉस्पिटलातच तयार करायचं आणि घरी थोड्या भेटी द्यायच्या. ऐकायला इतकं पटतं की तपासायची गरजच वाटू नये. पण १४ हॉस्पिटलांतल्या १२५० पेशंटांवर ते तपासलं गेलं. ‘अटेंड’ नावाची ही चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन घरच्यांना शिकवलेल्या गटात ४७ टक्के, नेहमीचे उपचार घेतलेल्या गटातही ४७ टक्के. फरक शून्य! नातेवाइकांना शिकवणं सोडून द्या, असा अर्थ मी काढत नाही. बेडवरून खुर्चीत कसं घ्यायचं हे सुनेला आलंच पाहिजे, नाहीतर तिचीच कंबर जाईल. पण थेरपिस्टची जागा घरच्यांनी भरून काढली असं समजून पदं भरायची टाळणाऱ्या साहेबापुढे ठेवायला हा आकडा तुझ्याकडे हवा. तो आकडा वॉर्डापर्यंत आणणं आणि त्यावर भांडणं, हे संस्थेचं काम.

‘अव्हर्ट’ ही दुसरी चाचणी आठव. स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत पेशंटला वारंवार, जोर लावून उठवायचं, हे कितीतरी जणांना स्वतःसिद्ध वाटत होतं. २०१५ मध्ये २१०४ पेशंटांचा निकाल आला: तसं उठवलेल्यांचं उलट थोडं वाईटच झालं. पाच देशांतल्या थेरपिस्टांनी आपल्याच पद्धतीविरुद्ध जाणारा हा निकाल मांडला. मला या पेशाचा अभिमान वाटायला असले निकाल पुरतात.

मोजणीचं कामही असंच, कंटाळवाणं पण पायाचं. स्ट्रोकनंतर ‘लवकर’ म्हणजे एक जण दुसरा दिवस धरायचा, तर कोणी दुसरा महिना. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी बसून हद्दी ठरवल्या: पहिला आठवडा तीव्र टप्पा, तिथून तीन महिन्यांपर्यंत सुरुवातीचा उपतीव्र, सहा महिन्यांपर्यंत उत्तर उपतीव्र, पुढे जुनाट. तू तुझ्या फाइलीत ‘ओल्ड स्ट्रोक’ लिहितेस ना? ते बंद कर. स्ट्रोकची तारीख लिही. हातासाठी फ्युगल-मेयर ही हालचालींना गुण देणारी तपासणी कर, ६६ पैकी किती ते लिही. ‘पॉवर सुधारली’ हे वाक्य मला पुन्हा दिसायला नको.

आणि आवर्तनं मोज, म्हणजे एका सत्रात पेशंट हालचाल किती वेळा करतो ते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅथरीन लँग यांच्या गटाने थेरपीची सत्रं शेजारी बसून मोजली, तेव्हा हाताच्या कामाच्या हालचाली सत्राला सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो शेकड्यांनी केलेल्या हालचालींनंतर. तुझ्या वॉर्डात किती होतात? अंदाज सांगू नकोस. इंटर्नला मोजायचा काउंटर दे आणि कोपऱ्यात बसव.

न्यूरोरिहॅबच्या जागतिक फेडरेशनचं अधिवेशन फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईतच झालं, तेव्हा ‘परदेशी कोण जाणार’ ही सबब आपल्या हातून गेली. आता इंडियन फेडरेशन ऑफ न्यूरोरिहॅबिलिटेशनचं अधिवेशन असेल तिथे जा. मोठ्या हॉलमधली भाषणं थोडी चुकली तरी चालतील. संशोधनाच्या पोस्टरपाशी उभी राहा, तिथे प्रश्न विचारता येतात. न्यूरॉलॉजिस्टसमोर गप्प बसायची आपली सवय तिथे मोडते. ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपिस्टांशी ओळख कर, तुझ्या निम्म्या पेशंटांना त्यांची गरज असते आणि तू पाठवत नाहीस.

वीकेंड कोर्सवाल्यांना फोन करून एवढंच विचार, या पद्धतीची चाचणी कोणी केली आणि कुठे हरली. काय उत्तर देतात ते मला कळव. फी भरलीस की वॉर्डातल्या आवर्तनांचा तक्ताही पाठव, अधिवेशनाला पाठवायचा ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे गोषवारा, दोघी मिळून लिहू.

तुझी,
मॅडम