स्पेनमधल्या घरी मी नकोशी झालेय का?

स्पॅनिश शिकायला परदेशी गेलेली मुलं आणि इथे बसलेले त्यांचे आईवडील मला एक प्रश्न हमखास विचारतात: "ज्या कुटुंबात राहायची सोय झाली आहे, त्यांना आम्ही आवडत नाही असं वाटतं. घर बदलून मागावं का?" याला सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून एक केस सांगते. मुलीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी पुण्याची. स्पॅनिशची ए२ पातळी, म्हणजे सहांपैकी दुसरी पायरी, इथे पूर्ण करून ती पुढच्या शिक्षणासाठी स्पेनमधल्या सालामान्का शहरात गेली. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं, त्यामुळे परदेशी विद्यार्थी त्या शहराला नवे नाहीत आणि त्यांना पैसे घेऊन घरात ठेवणंही नवं नाही. हिच्या वाट्याला सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या बाई आल्या.

फेब्रुवारीत तिने व्हिडिओ कॉलवर रडतच सांगायला सुरुवात केली. बाई सारख्या ओरडतात. खोलीबाहेर पाऊल टाकलं की "चपला घाल". जेवताना "खा, खा" असे नुसते हुकूम. "मॅडम, मी त्यांना कसलाच त्रास देत नाही हो. जेवले की लगेच खोलीत जाते. तरी त्यांचं तोंड वाकडंच."

मी तिला कालचा एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत जसाच्या तसा सांगायला लावला. कुणाचा स्वभाव कसा, हे तूर्त बाजूला ठेव म्हटलं. नऊ ते एक वर्ग, मग चालत घरी. सव्वादोनला जेवण. स्पेनमध्ये हेच दिवसाचं मुख्य जेवण. रात्रीचं साडेनऊच्या सुमाराला आणि हलकं. अडीचला फोन वाजतो. हिवाळ्यात स्पेनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात. देवापाशी दिवा लावून झाला की आई रोज फोन करते. मुलगी उरलेले घास भराभर संपवते, ताटली बेसिनमध्ये ठेवते आणि खोलीचं दार लावून घेते.

गोम इथेच होती. तिकडे जेवण झाल्यावर टेबलावरून कुणी लगेच उठत नाही. कॉफी येते, एखादं फळ सोललं जातं, अर्धा-पाऊण तास गप्पा चालतात. याला सोब्रेमेसा म्हणतात आणि घरच्यांशी ओळख वाढते ती याच वेळी. संकोचापोटी वाटेतून बाजूला होणं हा आपल्याकडे शहाणपणा, पण बाईंना दिसत होती ती आपल्याशी बोलायचंच नसलेली मुलगी. सगळा दिवस एकटीने काढणाऱ्या बाईंना ते लागलं असेल तर मला नवल वाटत नाही.

जेवणाचंही असंच झालं होतं. फॉर्मवर "शाकाहारी" लिहिलं होतं, अंडं चालतं असंही. पण मसूर चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालूनच शिजायचा आणि वाढताना तुकडे तेवढे बाजूला काढले जायचे. सॅलडवर ट्यूना असायचा. तिथल्या कितीतरी घरांत मासा मांसात धरतच नाहीत. ही बिचारी काही न बोलता ताटलीत टाकून द्यायची आणि खोलीत बिस्किटं खायची. टाकलेलं अन्न रोज बघून कुठलीही स्वयंपाक करणारी बाई "खा, खा" म्हणेलच की! आणि स्पॅनिशमध्ये घरगुती बोलणं असंच थेट असतं. त्यात राग शोधायचं कारण नाही. चपलांमागे तर निव्वळ काळजी. अनवाणी फिरलं की थंडी पायांतून अंगात शिरते, असं तिथल्या जुन्या पिढीला अगदी मनापासून वाटतं.

मी तिला एक वाक्य पाठ करायला सांगितलं: "नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी आतून, नी काल्दो दे कार्ने." म्हणजे मांस, मासा, ट्यूना, मांसाचं पाणी, काहीच खात नाही. लगेच पुढे काय आवडतं तेही सांगायचं: बटाट्याची तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, पालक घातलेले छोले, नुसत्या भाज्यांत शिजवलेला मसूर. नकारावर थांबलं तर समोरच्याने शिजवायचं काय?

आईशी बोलणं जास्त अवघड गेलं. "अहो, दिवसभरात तेवढाच तिचा चेहरा दिसतो मला," त्या म्हणाल्या आणि गप्प झाल्या. लेक एवढ्या लांब असताना आईने रोज तिला बघावं यात चूक काहीच नाही. वेळ तेवढी हलवायची होती. आता पुण्यात रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे संध्याकाळी पाचला बोलणं होतं.

पहिले काही दिवस तिला टेबलावरचं निम्मं कळायचं नाही. टीव्हीवरच्या बातम्या, ऑलिव्ह तेलाचे भाव, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन. मग बाई नवऱ्याच्या आठवणी सांगू लागल्या आणि वर्गात छळणारी भूतकाळाची रूपं तिच्या कानावर रोज पडायला लागली. आंघोळीवरून मात्र अजून कुरबुर होते. टाकीचा गिझर लहान आहे, हिचे केस लांब आहेत. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

पण प्रत्येक वेळी जुळवून घ्यावं, असं मी कुणालाही सांगणार नाही. पोटभर जेवण मिळत नसेल, खोलीला कडी नसेल आणि न विचारता कुणी आत येत असेल, नको तसा स्पर्श किंवा बोलणं होत असेल, तर समजून घेत बसू नका. राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या शाळेतल्या माणसांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि दुसरं घर मागा. ते मिळेपर्यंत त्या घरात झोपायचीही गरज नाही. मैत्रिणीकडे किंवा हॉस्टेलवर जा. जिवाला धोका वाटला तर स्पेनमध्ये ११२ वर फोन करा. आणि आईवडिलांनो, मुलीने असं काही सांगितलं तर "थोडं सहन कर, पैसे भरलेत" हे वाक्य तोंडातून काढू नका.